खणल्याशिवाय सांगता येत नाही

माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मार्गदर्शक सरांकडून परत आलं, तेव्हा चौतीस पानांपैकी फक्त पहिल्या पानावर लाल शाई होती. व्याकरणाची एकही चूक त्यांनी सुधारली नव्हती, आणि चुका भरपूर होत्या. समासात मराठीत तीन प्रश्न लिहिले होते. पहिल्या वाक्यापाशी ‘कुणी म्हटलं?’, चौथ्या वाक्यापाशी ‘किती?’, आणि ‘यावरून हे स्पष्टपणे सिद्ध होते’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य मी जिथे दणक्यात टाकलं होतं तिथे, ‘कशावरून?’

‘पुढचं वाचलं नाही,’ सर म्हणाले. ‘हे तीन प्रश्न प्रत्येक पानाला तूच विचार. उत्तरं लिहून आण, मग बसू.’

ही २०१८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी इंग्रजी लिहायला शिकत होते. तेव्हा माझं वय एकतीस होतं आणि इंग्रजी हा विषय मी पाचवीपासून शिकलेली होते. तरीही ‘शिकत होते’ हाच शब्द खरा आहे.

मी मृदशास्त्राची, म्हणजे मातीच्या शास्त्राची विद्यार्थिनी. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. तिथे ऊस आला, उपसा योजना आल्या, आणि काळ्या भारी जमिनीला वर्षानुवर्षं लागतं त्याहून जास्त पाणी मिळत गेलं. निचरा होईना. भूजल वर आलं, त्याच्याबरोबर क्षार वर आले. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. उन्हाळ्यात अशा रानावर पांढरा थर दिसतो. आमच्याकडे म्हणतात, ‘मीठ फुटलंय.’ आमच्या पाच एकरांतल्या दोन एकरांना मीठ फुटलेलं आहे. अशा रानात साधारण एक ते सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप गाडून पाणी बाहेर काढलं की मातीत काय काय बदलतं, हे मी मोजत होते. विषय माझ्या पायाखालचा होता. मराठीत विचारलं असतं तर बांधावर बसून तासभर सांगितलं असतं. इंग्रजीत पहिलं वाक्य लिहायलाच सकाळ जायची.

याचं कारण मला फार उशिरा कळलं. मी पाचवीत गेले १९९७ साली. मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हा मी आठवीत होते. आमच्यासाठी इंग्रजीचा निबंध म्हणजे पाठ करायची गोष्ट. गाइडातले सात-आठ निबंध पाठ केले की त्यातला एखादा येतोच. पत्र पाठ, कवितेचं रसग्रहण पाठ. दहावीला मला इंग्रजीत चांगले गुण होते. पुढे बीएस्सी अॅग्रीला शिक्षक फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि मराठीत समजावून सांगायचे. परीक्षेत आम्ही फळ्यावरचं इंग्रजी परत लिहायचो. यात कुणी आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. ते शिक्षक कष्टाळू होते, वर्गात साठ-सत्तर मुलं होती. पण माझ्या डोक्यातलं, आधी कुणीच लिहिलेलं नाही असं एक वाक्य इंग्रजीत लिहिण्याची वेळ माझ्यावर त्या सगळ्या वर्षांत एकदाही आली नव्हती.

आणि संशोधनाचं लेखन म्हणजे नेमकं तेच. आधी कुणी लिहिलेलं नाही तेवढंच लिहायचं.

सरांचे तीन प्रश्न घेऊन मी खोलीवर आले आणि सरळ चुकीच्या वाटेला लागले. मला वाटलं, माझं इंग्रजी साधं आहे म्हणून लेखन उणं दिसतंय. मग मी कोश घेऊन साधे शब्द काढून भारी शब्द बसवायला लागले. ‘यूज’च्या जागी ‘युटिलायझेशन’, ‘मेनी’च्या जागी ‘प्लेथोरा’, ‘शो’च्या जागी ‘एल्युसिडेट’. पाइप गाडणं या साध्या क्रियेला मी चार शब्दांची नामं केली. त्या भाषेत एक पेपर तयार करून एका जर्नलला पाठवला. अकरा आठवड्यांनी रिजेक्ट होऊन आला. एका रिव्ह्यूअरने, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याने, मातीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की इंग्रजी मातृभाषा असणाऱ्या कुणाकडून भाषा तपासून घ्या.

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येणार नाही. तीन उन्हाळे मी चाळीस-एक्केचाळीस अंशांत मातीचे नमुने काढले होते. त्यावर एक प्रश्न नाही, एक शंका नाही. मला आजही वाटतं की असा शेरा लिहिणाऱ्याने निदान दोन वाक्यं दाखवून सांगावं, इथे मला अर्थ लागला नाही. ‘भाषा सुधारा’ एवढ्याने कुणाचीच भाषा सुधारत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेव्हा इंग्रजीच्या एक निवृत्त प्राध्यापिका रोज सकाळी वाचायला यायच्या. माझी मैत्रीण त्यांच्याकडे शिकली होती, तिने ओळख करून दिली. मॅडमनी माझा रिजेक्ट झालेला पेपर वाचला आणि विचारलं, ‘हा पाइप किती खोल गाडला, हे यात कुठे आहे?’ ते मी लिहायचं विसरले होते. भारी शब्द बसवण्याच्या नादात खोलीचा आकडाच गळला होता.

‘आधी सहा महिने काही छापायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘रोज दोनशे शब्द. एक वही करा. डावीकडे तुमचं, उजवीकडे माझं.’

पहिले तीन आठवडे त्यांनी मला लिहूच दिलं नाही. माझ्याच विषयातले चांगले दहा पेपर निवडायला लावले आणि त्यांच्या प्रस्तावनेतल्या प्रत्येक वाक्यासमोर मराठीत एकच गोष्ट लिहायला सांगितली: हे वाक्य काय काम करतंय? काय सांगतंय ते नको, काय काम करतंय ते. मी लिहायला लागले: ‘विषय महत्त्वाचा आहे हे पटवतंय.’ ‘आधी कुणी काय केलं ते सांगतंय.’ ‘त्यात काय राहून गेलं ते दाखवतंय.’ ‘ते राहिलेलं आम्ही करतोय म्हणतंय.’ सातव्या-आठव्या पेपरपर्यंत मला दिसायला लागलं की जवळजवळ सगळेच याच क्रमाने चाललेत. मग मॅडमनी सांगितलं की जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने १९९० साली हा नमुना मांडला: आधी परिसर दाखवायचा, मग त्यातली रिकामी जागा दाखवायची, मग त्या जागेत आपण उभं राहायचं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी ते पाठ केलं असतं. दहा पेपर खरवडून झाल्यावर सांगितलं, म्हणून ते माझं झालं.

रिकामी जागा दाखवणं मला अवघड गेलं. आपल्याकडे मोठ्यांच्या कामातली उणीव काढणं उद्धटपणाचं वाटतं. माझ्या पहिल्या मसुद्यात आधीच्या प्रत्येक संशोधकाचं काम ‘थोर’ आणि ‘मोलाचं’ होतं. मग माझ्या कामाची गरजच कुठे उरली? मॅडम म्हणाल्या, ‘उणीव काढू नका, सीमा सांगा. त्यांनी वरच्या तीस सेंटिमीटरपर्यंत पाहिलं. तुम्ही खाली गेलात. बस.’

मग परिच्छेद आला. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की निबंधाची सुरुवात सुविचाराने करावी, हळूहळू विषयाकडे यावं, आणि खरी गोष्ट शेवटी सांगावी म्हणजे ती ठसते. माझे इंग्रजी परिच्छेद तसेच होते. मुद्दा सातव्या वाक्यात. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी अभ्यासकाने १९६६ साली असं मांडलं होतं की वेगवेगळ्या भाषांतली माणसं परिच्छेद वेगवेगळ्या वळणांनी लिहितात. इंग्रजी सरळ रेषेत जातं आणि पूर्वेकडच्या भाषा गोल फिरत येतात. मॅडमना हे अर्धंच पटायचं, मला तर त्याहून कमी. कारण घरची शेती बघणारे आमचे आबा. आबांचा फोन आला की पहिलं वाक्य ‘मोटर जळली.’ मग कशी जळली, कधी जळली, रिवाइंडिंगला किती लागणार, आणि शेवटी ‘तवा आज पाणी न्हाई.’ इतका नेमका परिच्छेद मला कुठल्या जर्नलमध्येही क्वचित दिसला आहे. आडवळणाने लिहिण्याची सवय मराठीने लावलेली नव्हती, ती निबंधाच्या वहीने लावली होती. तेव्हापासून परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याला मी मनात ‘मोटर जळली’ म्हणते. मसुदा झाला की फक्त पहिली पहिली वाक्यं सलग वाचायची. ती वाचून पेपर कळला पाहिजे. नाही कळला तर कुठल्या तरी परिच्छेदात मोटर जळलेलीच नाही.

पण काही चुका मराठीतूनच येत होत्या, आणि त्या मला सगळ्यात जास्त शिकवून गेल्या. माझं एक वाक्य होतं: ‘द फार्मर्स हू आर युझिंग ड्रिप, देअर फील्ड्स आर हॅविंग लेस सॉल्ट.’ मॅडमनी ते खोडलं नाही. त्याखाली फक्त मराठी लिहिलं: ‘जे शेतकरी ठिबक वापरतात, त्यांच्या रानात क्षार कमी असतात.’ म्हणाल्या, ‘बघा, किती सुरेख मराठी आहे. जो-तो, जे-त्यांच्या. ही अज्ञानाची चूक नाही. तुम्ही चांगलं मराठी बोलता म्हणून ही झाली.’ इतक्या वर्षांत माझ्या इंग्रजीच्या चुकीबद्दल कुणी असं बोललेलं मला आठवत नाही. त्या दिवसापासून लाल शाईची भीती गेली, आणि मी चुकांची वेगळी वही सुरू केली. एका रकान्यात चूक, दुसऱ्यात ती मराठीच्या कुठल्या वळणातून आली ते.

त्या वहीत तीन महिन्यांत दोनशेच्या वर नोंदी झाल्या, पण मुळं मोजकीच निघाली. ‘एव्हिडन्सेस’, ‘रिसर्चेस’, ‘इक्विपमेंट्स’ असं मी लिहायची, कारण मराठीत पुरावे, संशोधनं, उपकरणं अशी सरळ अनेकवचनं होतात. ‘डिस्कस अबाउट’ लिहायची, कारण आपण ‘त्याबद्दल’ चर्चा करतो. ‘पीएच इज डिक्रीझिंग’ असं लिहायची, कारण ‘कमी होत आहे’. पूर्ण झालेल्या प्रयोगाचं निरीक्षण तिथे साध्या भूतकाळात हवं, तक्त्यात काय दिसतं ते साध्या वर्तमानकाळात. आणि ‘मुळे’. मराठीत पाणी जास्त झाल्यामुळे, निचरा नसल्यामुळे, भूजल वर आल्यामुळे अशी कारणांची माळ लावून शेवटी क्रियापद ठेवलं तरी वाचणारा धीराने थांबतो. त्याला माहीत असतं की शेवटी गाठ बसणार आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला कर्ता आणि क्रियापद आधी हातात लागतं. माझं सगळ्यात लांब वाक्य एकाहत्तर शब्दांचं होतं आणि मुख्य क्रियापद अठ्ठावन्नावं. मी बसून मोजलं होतं. त्या एका वाक्याची पुढे चार झाली.

‘अ’ आणि ‘द’ यांनी मात्र शेवटपर्यंत छळलं. मराठीत हे काम करणारा सुटा शब्दच नाही. ‘एक’, ‘तो’, शब्दांची जागा आणि संदर्भ यांवर आपलं भागतं. मॅडमनी यासाठी एक व्यायाम दिला होता, तो मी अजून करते. छापलेल्या पेपरातला एक परिच्छेद घ्यायचा, त्यातले सगळे ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ खोडायचे, दुसऱ्या दिवशी आठवणीवर न जाता अर्थाने भरायचे, आणि मूळ उताऱ्याशी ताडून बघायचं. पहिल्या दिवशी पन्नासांतले एकतीस बरोबर आले. चार महिन्यांनी चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत गेले, आणि तिथेच थांबले. पण चुकलेल्या जागांनी एक गोष्ट दाखवली. शाळेच्या व्याकरणात ‘सॉइल’ मोजता येत नाही, म्हणून त्याला ‘अ’ लागत नाही. आमच्या शास्त्रात मात्र मातीचे प्रकार मोजतात; तिथे ‘अ सॉइल’ आणि ‘सॉइल्स’ दोन्ही चालतात. तेव्हा ‘द’ लावायचा की नाही हे ठरवताना मला दर वेळी विचारावं लागायचं: मी मातीबद्दल बोलतेय, या प्रकारच्या मातीबद्दल, की आमच्या ओढ्याकाठच्या त्याच रानातल्या मातीबद्दल? हा तर सरांचाच प्रश्न होता. कुठली? किती?

शब्दांची भूक तोवर शमली होती, पण शब्द तर हवेच. वेलिंग्टनच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासलेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे एका मुळातून निघालेल्या शब्दांच्या गटांची, यादी केली आहे. ती मी उतरवून घेतली आणि सवयीने पाठ करायला बसले. मॅडमनी थांबवलं. शब्द एकटा पाठ करायचा नाही, सोयरिकीसकट करायचा. निष्कर्ष ‘मेक’ नाही करत, ‘ड्रॉ’ करतात. प्रयोग ‘कंडक्ट’ करतात. आपण मराठीतही शंका ‘घेतो’, प्रश्न ‘विचारतो’ आणि आरोप ‘करतो’. परक्या माणसाला हे कुठल्या नियमाने सांगणार? ‘सिग्निफिकंट’ हा शब्द तर सरांनी मला चार महिने बंदच केला होता. मी तो ‘बराच’ या अर्थाने वाटेल तिथे टाकायची. आमच्या शास्त्रात तो संख्याशास्त्राचा शब्द आहे; चाचणी केली असेल आणि फरक योगायोगाचा नसावा असा कौल मिळाला असेल, तरच लिहायचा.

साहित्य आढाव्याच्या, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या प्रकरणाची गोष्ट सांगायला मला जड जातं. प्लॅगरिझमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते प्रकरण घातलं आणि अडतीस टक्के साम्य निघालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसीच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांच्या वर गेलं की प्रबंध सुधारून परत द्यावा लागतो, आणि चाळीसच्या वर गेलं की वर्षभर देताच येत नाही. मी रडले. चोरी करायचं माझ्या मनातही नव्हतं. प्रत्येक ठिकाणी लेखकाचं नाव दिलं होतं. मी इतकंच केलं होतं की मूळ वाक्य समोर ठेवून त्यातले चार-पाच शब्द बदलले होते. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी प्राध्यापिकेने यालाच ‘पॅचरायटिंग’ म्हटलं आहे, म्हणजे ठिगळं लावून लिहिणं. नवी भाषा किंवा नवा विषय शिकणारा माणूस या पायरीवरून जातोच, असं त्यांचं म्हणणं. ते वाचून धीर आला, पण अडतीसचे सात कसे करायचे?

उपाय मॅडमचाच. पेपर वाचायचा, मिटायचा, उठून पाणी प्यायचं. मग तो आबांना सांगतोय अशा भाषेत मराठीत पाच ओळी लिहायच्या. मूळ इंग्रजी न बघता त्या पाच ओळींचं इंग्रजी करायचं. आणि मगच मूळ पेपर उघडून आकडे ताडायचे. मराठीत पाच ओळी लिहिता येत नसतील तर पेपर कळलेला नाही, परत वाचायचा. या पद्धतीने एका पेपरला दीड तास लागायचा. एकशे दहा पेपर होते. पूर्ण एक हिवाळा त्यात गेला, आणि मी आज ज्या विषयावर न अडखळता बोलते तो मला त्या हिवाळ्यात समजला.

एकदा थकून मी म्हटलं, परक्या भाषेत शास्त्र लिहायचं हा भोग आमच्याच वाट्याला का? मॅडमनी कँडीसाहेबांची गोष्ट काढली. मेजर थॉमस कँडी हे इंग्रज, मोल्सवर्थ यांच्या मराठी कोशाच्या कामातले सोबती. मराठी शिकलेच, आणि पुढे मराठी गद्यात इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेयही त्यांनाच देतात. मी आता लिहितेय, त्या वाक्यातला स्वल्पविराम त्यांच्या वाटेने आलेला आहे. ‘त्यांच्याही वहीत आपले पंडित लाल शाई करत असतील,’ मॅडम म्हणाल्या. मला ते चित्र फार आवडलं.

मधेच परदेशातल्या एका फेलोशिपसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीची अकॅडेमिक परीक्षाही दिली. लेखनाला साठ मिनिटं. एका आलेखावर किमान दीडशे शब्द आणि एका प्रश्नावर किमान अडीचशे शब्दांचा निबंध. क्लासवाल्यांनी साच्यातली वाक्यं पाठ करायला दिली, ती पाहून मला परत दहावीत बसल्यासारखं झालं. मी साचा सोडून मोटर जळली पद्धतीने लिहिलं आणि हवे तेवढे गुण मिळाले. पण त्या परीक्षेने वेळेत लिहिणं शिकवलं, संशोधन लिहिणं नाही. तिथे ‘कशावरून?’ असं कुणी विचारत नाही.

‘कशावरून?’चं उत्तर मला बांधावर मिळालं.

२०१९ चा मे महिना होता. मी नमुने घ्यायला गावी गेले होते आणि डोक्यात ‘डिस्कशन’चं, म्हणजे निरीक्षणांचा अर्थ लावायचं प्रकरण अडकलं होतं. माझ्या प्रत्येक वाक्यात ‘प्रूव्ह’ होतं. सर प्रत्येक ‘प्रूव्ह’ला गोल करत होते. ते काढलं तर उरतं काय, तेच कळेना. सगळीकडे इंग्रजीतला ‘मे’, म्हणजे ‘असू शकेल’, लावला तर आपल्यालाच खात्री नाही असं दिसतं. मी आबांना सहज विचारलं, ओढ्याकडच्या रानाला एवढं मीठ का फुटलं असेल? आबांनी पायाने ढेकूळ फोडलं आणि म्हणाले, ‘मीठ फुटलंय. पाणी जास्त झालं असणार. खाली गच्च थर असंल. खणल्याबगर काय सांगता येत न्हाई.’

मी वही काढून ती चार वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली. आबा दुसरी शिकलेत. ‘फुटलंय’ हे डोळ्यांनी दिसतं, त्यात शंका नाही. ‘झालं असणार’ म्हणजे जवळजवळ खात्री, कारण पाणी त्यांनीच दिलं आहे. ‘असंल’ म्हणजे अंदाज, अनुभवावरचा. आणि शेवटी सीमा: इथून पुढे मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचं तर अमुक करावं लागेल. एकाही वाक्यात आबांनी माहीत आहे त्याहून जास्त सांगितलं नव्हतं, आणि कमीही नाही. रात्री मी त्यासमोर इंग्रजी लिहिलं. ‘वॉज ऑब्झर्व्ह्ड’. ‘इज मोस्ट लाइकली ड्यू टू’. ‘मे’. ‘कॅनॉट बी डिटरमिन्ड विदाउट’. पहिल्यांदाच मला इंग्रजीतला ‘मे’ दुबळा वाटला नाही. तो आबांच्या ‘असंल’इतकाच ठाम होता.

त्यानंतर डिस्कशनचं प्रकरण मी एका महिन्यात लिहिलं. प्रत्येक वाक्याच्या समासात आधी पेन्सिलने मराठी शेवट लिहायची: आहे, असणार, असावं, माहीत नाही. मग इंग्रजी क्रियापद निवडायची.

ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोळ तालुका पाण्यात गेला, आमचं घरही. आम्ही सात दिवस नातेवाइकांकडे होतो. पाइपांची तोंडं गाळाने भरली, आणि पुढचे दोन महिने लिहिण्याचं नाव काढलं नाही. परत बसले तेव्हा पुरानंतरची निरीक्षणं आधीच्या निरीक्षणांत मिसळायची नाहीत हे मी स्वतःच ठरवलं, आणि का मिसळायची नाहीत ते तीन वाक्यांत लिहिलं. सरांनी त्या पानावर काहीच लिहिलं नाही. त्यांच्या बाबतीत ती दाद होती.

हल्ली माझ्याकडे ज्युनिअर मुलं येतात आणि विचारतात, आता मशीनच इंग्रजी लिहून देतं, मग हे सगळं कशाला? मी त्यांना नाही म्हणत नाही. मीही ‘अ’ आणि ‘द’ तपासायला सॉफ्टवेअर वापरते. पण त्याने एकदा माझ्या मसुद्यातला ‘मे’ काढून वाक्य जास्त ठाम केलं होतं, आणि ते वाचायला खरंच छान वाटत होतं. त्या रानात खणलं होतं की नाही हे त्याला कुठून माहीत असणार?

नवा पेपर दुसऱ्या जर्नलला गेला होता, तो मेजर रिव्हिजनसाठी, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी परत आला मार्च २०२० मध्ये. या वेळी दोन्ही रिव्ह्यूअरचे मिळून सव्वीस प्रश्न होते आणि सगळे मातीबद्दल. ते पत्र मी सरांना आणि मॅडमना लगेच पाठवलं. तेवढ्यात लॉकडाऊन लागला आणि मी गावीच अडकले. उत्तरं पडवीत बसून लिहायची. एका संध्याकाळी आबांनी विचारलं, काय लिहितेस एवढं? मी डिस्कशनमधला मुख्य परिच्छेद मराठीत वाचून दाखवला: चारही रानांत खाली दाट थर आहे, त्यामुळे पाणी मुरत नाही, आणि म्हणून पाइपाशिवाय क्षार निघत नाहीत.

‘चौथ्या रानात कवा खणलंस?’ आबा म्हणाले.

चौथं रान शेजाऱ्यांचं. नमुने घेतले तेव्हा त्यात ऊस उभा होता, म्हणून वरच्या थरातून गिरमिटाने जेवढं निघालं तेवढंच घेतलं होतं. बाकीच्या तीन रानांसारखंच असणार असं समजून मी ‘चारही’ लिहिलं होतं, आणि ते वाक्य सरांच्या, मॅडमच्या, दोन रिव्ह्यूअरच्या आणि माझ्या तीन प्रश्नांच्या नजरेतून निसटलं होतं. त्याच रात्री मी ते फोडलं. तीन रानांसाठी ‘वॉज ऑब्झर्व्ह्ड’. चौथ्यासाठी ‘मे’.

शेजाऱ्यांचा ऊस तोवर तुटून गेला होता. आबांनी त्यांना विचारलं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं टिकाव-खोरं घेऊन सकाळी सहालाच रानात गेलो. दुपारपर्यंत सव्वा मीटरचा खड्डा झाला. मी टेप लावून दर पंधरा सेंटिमीटरला माती काढली, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या. वरपासून खालपर्यंत एकसारखी ओली, चिकट, काळी माती. टिकाव कुठेच अडला नाही.

त्या रात्री चौथ्या रानाचं वाक्य मी तिसऱ्यांदा लिहिलं. तिथे दाट थर आढळला नाही. पाणी का मुरत नाही, याचं कारण वेगळं असावं.